डाव्या वळणावरचा रूळ

मी एक जुना रूळ आहे. खरे सांगायचे तर एका लांबलचक रुळाचा उरलेला तुकडा. दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकाच्या कोपऱ्यावर मी कमरेइतका वर आणि तेवढाच जमिनीत गाडलेला उभा आहे. माझ्या अंगावर लाल-पांढरा रंग आहे. रस्ता ओलांडणारी माणसे माझ्यावर हात टेकून क्षणभर थांबतात, एखादे लहान मूल मला मिठी मारून गोल फिरते. पण मित्रांनो, माझ्या रस्त्याकडच्या अंगावरून सावकाश बोट फिरवलेत, तर रंगाखाली ओळीने खोलगट खुणा लागतील. त्या ठिकाणी एकेकाळी मला दात होते.

माझा जन्मच मारातून झाला. भट्टीत वितळवून, लाटण्यांखाली चेचून, लाल असतानाच मला लांब ओढले गेले. मग मातीवर आडवे टाकून आयुष्यभर गाड्या माझ्या पाठीवरून नेल्या. मला त्याचे दुःख नव्हते. मार खाणे हाच माझा धर्म होता आणि तो मी निमूटपणे पाळला. हातोडी घेऊन फिरणारा एक कामगार मला टोला मारायचा, कान लावून नाद ऐकायचा आणि म्हणायचा, "ठणठणीत आहे पठ्ठ्या!" ती माझी शाबासकी. एका हिवाळ्यात मात्र माझ्या टोकाला तडा गेला, नाद फुटका आला आणि मला कापून भंगारात फेकले.

तिथून मला एका वेल्डरने उचलले. त्याचे दुकान या चौकातच होते. लोखंडी खिडक्या, जाळ्या, फाटके तो तिथे बनवी. ऐरण म्हणून त्याने मला दारातच ठेवले. वाकडी सळई माझ्या पाठीवर ठेवायची आणि घणाने सरळ करायची, असे माझे नवे काम सुरू झाले. वेल्डरची बायको जाळ्यांना रंग द्यायची. मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रूळ तर आणलात, आता गाडी कधी आणताय?"

"तू तिकीट काढ, लगेच आणतो," तो म्हणाला.

दुकानामागच्या खोलीत तिची आई राहायची. ती मुलखाची फटकळ होती. जावयाला ती कधी एकेरीत बोलली नाही आणि कधी सोडलेही नाही. "जावईबापू, ही जाळी चोराला अडवायला केलीय की त्याला पाय ठेवायला?" असे तिचे चालायचे. वेल्डर हसून काम पुन्हा करायचा. त्यांची एकुलती एक मुलगी शाळेतून आली की दप्तर फेकून माझ्यावर बसायची. ती माझी सर्वांत सुखाची वर्षे होती आणि ती एका सकाळी संपली.

त्या सकाळी बायको सायकलवरून तांबड्या रंगाचा डबा आणायला गेली होती. परत येताना सिग्नल लाल होता. पुढे एक मोठा मालट्रक उभा होता. त्याच्या मागच्या बाजूला डावीकडचा दिवा लुकलुकत होता. ट्रक आणि फुटपाथ यांच्यामध्ये एका सायकलपुरती जागा होती. सगळेच जातात तशी ती त्या जागेतून पुढे सरकली आणि ट्रकच्या डाव्या दाराशी एक पाय टेकून थांबली. तिला सरळ यायचे होते, समोरच्या आपल्या दुकानात. लुकलुकणारा दिवा तिच्या पाठीमागे राहिला होता. वेल्डरने तिला पाहून हात हलवला. तिनेही हलवला.

सिग्नल हिरवा झाला आणि ट्रक डावीकडे वळला.

मित्रांनो, इथे मला जे सांगायचे आहे ते नीट ऐका. मोठ्या गाडीचे तोंड वळते तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटते, गेली बाई, सुटलो. पण मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतून येतात, कोपरा कापत येतात. ट्रकची लांब बाजू एखाद्या मोठ्या दारासारखी तिच्यावर मिटत आली. आधी सायकलचे हँडल मोडले. ती फुटपाथच्या कडेला दाबली गेली, तिने तळहाताने ट्रकच्या फळीवर दोनदा थापा मारल्या. मग मागचे चाक आले.

तांबड्या रंगाचा डबा फुटला होता. जमलेली माणसे म्हणत होती, "केवढं हे रक्त!" त्यातला रंग कोणता आणि रक्त कोणते, हे एकट्या वेल्डरला कळत होते. तो तिचे डोके मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता.

लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढले. कोणी चप्पल घेतली, कोणी वीट. एकजण धावत आमच्या दुकानात आला आणि माझ्या पाठीवरची सळई उचलून घेऊन गेला. त्या सळईने ड्रायव्हरचा जबडा मोडला. तो दात थुंकत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दिसली नाही हो... खरंच दिसली नाही." जो तो त्या वाक्यावर आणखी एक फटका मारत होता.

पुढे खटला चालला, ड्रायव्हरला काही काळ शिक्षा झाली आणि तो सुटलाही. पण "दिसली नाही" हे दोन शब्द वेल्डरच्या कानात गरम शिशासारखे ओतले गेले होते ते तिथेच राहिले. काम करता करता तो थांबायचा आणि स्वतःशी म्हणायचा, "सगळ्यांनी मारला त्याला. मीच तेवढा राहिलो."

एका दुपारी त्याने माझ्या पाठीवरचे सामान खाली ठेवले, गॅस कटर पेटवला आणि मला उभे धरले. माझ्या रुंद तळव्याच्या एका कडेला त्याने करवतीसारखे दाते पाडले. जळते लोखंड माझ्या अंगावरून ओघळत होते आणि सासू दारात उभी राहून पाहत होती.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

"कोपऱ्याला राखण बसवतोय."

"राखणीला दात कशाला?"

"कुत्र्यालाही असतात."

"कुत्रं माणूस ओळखतं हो," ती म्हणाली. वेल्डरने पुढचा दाता पाडायला घेतला.

भल्या सकाळी त्याने फुटपाथच्या बाहेर, वळणाच्या अगदी तोंडावर खड्डा खणला आणि मला काँक्रीटमध्ये उभे केले. दात रस्त्याकडे. परवानगी त्याने कोणाची घेतली नव्हती. नगरपालिकेला वाटले, हे वाहतूक खात्याचे काम असेल. वाहतूक खात्याला वाटले, नगरपालिकेचे. दोघांनीही येऊन मला पाहिले आणि समाधानाने परत गेले.

काँक्रीट सुकले त्याच दिवशी पहिला ट्रक कोपरा कापत आला. त्याचे मागचे चाक माझ्यावर घासले, माझे दात रबरात रुतले आणि टायर असा फुटला की समोरच्या दुकानांच्या काचा थरथरल्या. ड्रायव्हर शिव्या देत उतरला. वेल्डर दारातच होता, हातात घण घेऊन. ड्रायव्हरने घणाकडे पाहिले आणि शिव्या गिळून जॅक काढला.

मग हे रोजचेच झाले. माझ्यावर टायर फाटत, पत्रे चिरत. एका टेंपोचा टाकीखालचा पाइप तुटला आणि तेल रस्त्याभर सांडले. कोपऱ्यावर मारामाऱ्या होत. एकदा दोन हमालांनी पहारींनी मला उपटायचा प्रयत्न केला, तेव्हा वेल्डरने त्यातल्या एकाचा खांदा निखळवला. चौकातले लोक मात्र खूश होते. "वाघ बसवलाय कोपऱ्यावर, वाघ! आता कापा म्हणावं कोपरा," असे म्हणत ते माझ्या डोक्यावर थोपटायचे. मित्रांनो, आयुष्यात इतकी वाहवा मला कधीच मिळाली नव्हती. संध्याकाळी वेल्डर माझ्या दातांत अडकलेले रबर पक्कडीने काढायचा आणि कानस घेऊन त्यांना पुन्हा धार लावायचा. तेवढा वेळ त्याचा चेहरा शांत असायचा. त्याची मुलगी आता कॉलेजात जाऊ लागली होती. ती आईसारखीच सायकलवरून, याच चौकातून यायची-जायची. ती शेजारून जाताना माझ्याकडे बघत नसे.

ट्रकवाले काही दूधखुळे नव्हते. ते शिकले. माझे दात चुकवायचे म्हणून ते आधी उजवीकडे झुकू लागले आणि मग मोठा वळसा घेऊन डावीकडे येऊ लागले. वेल्डरला वाटले, आपण जिंकलो. पण गाडी उजवीकडे झुकली की तिच्या डाव्या बाजूला ऐसपैस जागा मोकळी होते. मागून येणाऱ्याला वाटते, ट्रक उजवीकडे चालला आहे, आपल्याला वाट दिली आहे. पूर्वी तिथे एक सायकल मावायची. आता स्कूटर मावू लागली.

एक गवंडी स्कूटरवरून त्या जागेत शिरला. ट्रक उजवीकडे झुकलेला होता तो एकदम डावीकडे वळला. त्याची मागची बाजू गवंड्याला ढकलत ढकलत माझ्यापर्यंत घेऊन आली. स्कूटर चेपली. त्याचा पाय ट्रक आणि मी यांच्यामध्ये सापडला आणि माझे दात त्याच्या गुडघ्याखाली हाडापर्यंत गेले. रबर आणि मांस यांत लोखंडाला फरक करता येत नाही. तो किंचाळत माझ्याच डोक्यावर मुठी आपटत होता आणि ट्रक थांबला तरी त्याला माझ्यापासून सोडवता येईना. शेवटी चौघांनी ट्रकला रेटा दिला, तेव्हा कुठे तो सुटून खाली पडला. कॉलेजातून येणाऱ्या मुलीने सायकल टाकली, आपली ओढणी काढून त्याच्या मांडीला करकचून बांधली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ती गाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

घरी आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. ते न धुताच ती बापासमोर उभी राहिली.

"बाबा, त्याच्या पायात ट्रकचं काही घुसलं नव्हतं. आपला रूळ घुसला होता."

"त्याला कडेनं शिरायला कुणी सांगितलं होतं?" वेल्डर ओरडला. "डोळे फुटले होते का त्याचे?"

सासू भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "माझी लेकही कडेनंच शिरली होती, जावईबापू. तिलाही हेच विचारणार होता का?"

वेल्डर पाय आपटत बाहेर आला. त्याने बादलीभर पाणी माझ्यावर ओतले आणि रक्त धुतले. मला वाटले, आता तो मला उपटेल. त्याने दातांवरून अंगठा फिरवला आणि तो आत निघून गेला. गवंड्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळले. मी तसाच उभा होतो.

मग एके दिवशी तो आला. दुसऱ्याच मालकाचा सिमेंटचा ट्रक होता, पण वळण्यापूर्वी काचेमागे दिसलेला तो वाकडा जबडा मी ओळखला. तो अतिशय सावकाश वळत होता. ज्या जागी त्याच्या हातून ते घडले होते तिथे त्याची नजर गेली, आणि कडेला उभा असलेला मी त्याच्या ध्यानात आलो नाही. टायर फुटला. ट्रक मागच्या अंगाने माझ्यावर टेकून थांबला.

वेल्डर पाइप घेऊन धावत आला. ड्रायव्हर खाली उतरला आणि समोरच्या माणसाला ओळखून जागीच उभा राहिला. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा त्याने आडव्या धरलेल्या हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज कोरडा असतो, वाळकी काटकी मोडावी तसा. तो गुडघ्यांवर बसला. वेल्डरने तिसरा फटका मारण्यासाठी पाइप डोक्यावर उचलला. तो पडला असता, तर त्या माणसाचे डोके फुटून तो तिथेच संपला असता आणि वेल्डरची मुलगी आईपाठोपाठ बापालाही मुकली असती.

"थांबा!" सासू अनवाणीच धावत आली होती. तिने पाइपचे दुसरे टोक दोन्ही हातांनी पकडले. "मेल्यावर तो बोलणार नाही. आधी काय बोलायचंय ते बोलू दे त्याला. मग मारा हवं तर, मी अडवणार नाही."

ड्रायव्हरने मोडका हात छातीशी धरला होता. वाकड्या जबड्यातून त्याचे शब्द अर्धवट येत होते.

"मारा. मला काही म्हणायचं नाही. फक्त... एकदा वर बसा. माझ्या जागेवर. मग मारा."

"नाटकं करतोस?"

"दिसली कशी नाही, हे कोर्टानं विचारलं, बायकोनं विचारलं, माझ्या पोरानं विचारलं. मला सांगता येत नाही हो. तुम्ही बसा आणि तुम्हीच सांगा."

"बसा, जावईबापू," सासू म्हणाली. पाइप तिने सोडला नव्हता.

वेल्डर पाइप तिच्या हातात ठेवून वर चढला. ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि त्याने डावीकडच्या आरशात पाहिले. त्या वेळी मुलगी गर्दीतून पुढे आली. आपली सायकल घेऊन ती ट्रकच्या डाव्या दाराखाली गेली आणि एक पाय टेकून उभी राहिली. तिची आई उभी होती तशीच.

"बाबा, दिसते का मी?"

वेल्डरने आरशात पाहिले. मान पुढे काढली. उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला.

"पुढं ये जरा!"

"आले पुढं."

"कुठंयस तू?"

"इथंच आहे, बाबा. दाराला खेटून."

"खोटं बोलू नकोस! हात वर कर!"

"केलाय."

मी तिला पाहत होतो. तिचा उचललेला हात दाराच्या मुठीला लागत होता. वेल्डरचा चेहराही मला काचेतून दिसत होता. तो तिला शोधत होता, घामाघूम होऊन, वेड्यासारखा. हाका मारत होता आणि ती उत्तरे देत होती, आणि आरशात फक्त मोकळा फुटपाथ होता.

"दारावर थाप मार," तो शेवटी म्हणाला.

तिने तळहाताने पत्र्यावर दोन थापा मारल्या. इंजिन बंद होते, रस्ता स्तब्ध होता, तरीही त्या थापा वर जेमतेम पोहोचल्या असाव्यात. वेल्डरने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले आणि त्यावर कपाळ टेकले. तो रडला, की नुसता तसाच बसून राहिला, हे मला कळले नाही. खाली उतरला तेव्हा त्याने ड्रायव्हरची माफी मागितली नाही आणि त्याला माफही केले नाही. त्याने सासूच्या हातातला पाइप घेतला, दुकानात नेऊन ठेवला, आणि फळीचा एक तुकडा आणून ड्रायव्हरच्या मोडक्या हाताला बांधला.

दवाखान्यात ड्रायव्हर "जॅक निसटला" म्हणून सांगायला लागला, तेव्हा वेल्डरच म्हणाला, "निसटला नाही. मी मारलं." त्यासाठी त्याला तुरुंगात जावे लागले. तो आत असताना दुकान सासूने सांभाळले आणि गिऱ्हाइकांचे टोमणे तिने व्याजासकट परत केले.

सुटून आल्यावर त्याने सर्वांत आधी मला उपटले. माझे दात कापून, घासून अंग जवळजवळ गुळगुळीत केले आणि या खेपेला रीतसर परवानगी काढून मला फुटपाथच्या आत उभे केले. आता मला चुकवण्यासाठी कोणाला उजवीकडे झुकावे लागत नाही आणि कोपरा फार कापला तर चाक माझ्यावर घासून ड्रायव्हरला कळते. त्याहून अधिक माझ्या हातात नाही. कापला गेलेला पाय मला परत देता येत नाही. गवंडी कुबड्या घेऊन याच वाटेने जातो. तो माझ्यावर हात टेकत नाही आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

काल सकाळचीच गोष्ट. सिग्नल लाल होता. एक लांब मालट्रक डावीकडचा दिवा लुकलुकवत उभा होता. त्याच्या आणि फुटपाथच्या मध्ये जागा होती. मोकळी, सरळ, सिग्नलपर्यंत नेणारी. मुलगी सायकलवरून आली. तिला उशीर झाला होता, हे तिच्या पायडल मारण्यावरून कळत होते. दुकानाच्या दारात वेल्डरचा घण हवेतच थांबला. त्याने हाक मारली नाही. हाक ऐकून ती त्याच्याकडे पाहील आणि पुढचा दिवा पाहायचा राहून जाईल, एवढे त्याला आता समजत होते.

तिने ब्रेक दाबला. ट्रकच्या मागे, जिथून त्याचा आरसा तिला दिसत होता आणि म्हणून आरशालाही ती दिसत होती, तिथे ती थांबली. मागच्या स्कूटरवाल्याने भोंगा वाजवला. "अहो ताई, जागा आहे की पुढं! जा ना!"

"ती जागा नाहीये, दादा," ती म्हणाली. "ती चाकाची वाट आहे."

सिग्नल हिरवा झाला. ट्रकचे तोंड वळले, लांब बाजू मिटत आली आणि मागचे जड चाक फुटपाथच्या कडेला घासत, माझ्यापासून वीतभर अंतरावरून, त्या मोकळ्या जागेच्या पुरत्या लांबीवरून गेले. तिथे कोणी नव्हते. एक वाळलेले पान होते, त्याचा भुगा झाला.

घण खाली आला. मुलगी चौक ओलांडून सरळ निघून गेली.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला मार सोसतो, तुम्हाला सोसत नाही. मोठी गाडी डावीकडे वळत असेल तेव्हा तिच्या कुशीत कितीही जागा दिसली तरी तिथे शिरू नका. आणि उद्या मोठे होऊन तुम्हीच अशा गाडीत उंचावर बसलात, तर वळण्याआधी थांबा, आरशात पाहा, आणि आरसा मोकळा दिसला तरी त्याच्यावर सगळा भरवसा टाकू नका. दाराखाली कोणीतरी एक पाय टेकून उभे असेल असे समजूनच चाक फिरवा.